दोन बोटं

एक बोट वर केलं तर एक माणूस.
दोन केली तर मी आणि मूल.
जकार्तात, सुदिर्मान रस्त्याच्या तोंडाशी
सातच्या आधी आम्ही बायका ओळीनं उभ्या,
केस ओले, ओठांना जरा रंग,
कुणाची तरी नातेवाईक दिसावं इतपत.

नियम असा, की गर्दीच्या वेळी
गाडीत तीन डोकी हवीत.
गाडीत असायचं एकच, मालकाचं.
उरलेली दोन आम्ही भाड्यानं पुरवायचो.

जुनेदी तेव्हा तीन महिन्यांचा.
मान धरत नव्हता अजून,
पण पोलिसाच्या हिशोबात अख्खा माणूस.
त्याच्या बापानंसुद्धा त्याला
इतक्या लवकर धरलं नव्हतं मोजणीत.

हेंदार्तोसाहेब बेकासीहून यायचे,
शहरात घर परवडेना म्हणून लांब,
लांब म्हणून गाडी, गाडी म्हणून हप्ता,
हप्ता म्हणून ओव्हरटाइम,
आणि ओव्हरटाइमवाले सगळे एकाच वेळी सुटतात
म्हणून रात्रीचे दहा.
हे त्यांनी मला एका सिग्नलला सांगितलं,
जो अकरा वेळा हिरवा झाला.
त्यांची मुलगी उठायच्या आत ते निघायचे,
निजल्यावर पोचायचे.
जुनेदीच्या पायाचा अंगठा धरून बसायचे कधी कधी.
मी काही बोलले नाही.
त्याचे वेगळे पैसेही मागितले नाहीत.

सितोरुस वकीलबाई गाडीतच जेवायच्या, गाडीतच भांडायच्या,
एकदा गाडीतच रडल्या.
काचा बंद. शेजारच्या गाडीतला माणूस
आमच्याकडे बघून जांभई देत होता.

परत यायला बस.
बसमध्ये साठ-सत्तर डोकी,
पुढे त्याच गाड्या, त्याच काचा.
आमची डोकी तिथे कुणी मोजत नव्हतं.

मग रस्ता रुंद केला.
कडेची झाडं गेली, आमची सावली गेली.
चार महिने गाड्या अशा पळाल्या
की पोटात गोळा आला माझ्या.
पाचव्या महिन्यात
घरी झाकून ठेवलेल्या गाड्यांनाही बातमी लागली.

जुनेदीला खोकला धरला तो तिथेच.
डॉक्टर म्हणाली, मुलाला धुरापासून लांब ठेवा.
लांब म्हणजे कुठे, हे मी तिला विचारणार होते,
पण बाहेर रांग होती.

दोनदा पकडलं आम्हाला. सोडलं.
मग एक दिवस नियमच उठला.
लोक म्हणाले, कटकट गेली, आता रस्ता वाहील.
वाहिला कसला!
ज्या गल्ल्यांत मांजरं आडवी झोपायची
त्याही तुंबल्या.
आम्हाला दोष द्यायचे ना सगळे?
आम्ही बायका तर कधीच घरी बसलो होतो.

जुनेदी आता सतराचा.
मोटारसायकलवर माणसं पोचवतो,
आरशाआरशांतून, गुडघे आत ओढून.
खिशात फोन, दुसऱ्या खिशात दम्याचा पंप.
उशीर झाला की मी गल्लीच्या तोंडाशी जाते.
उभी राहते, आणि हात आपोआप
अर्धा वर येतो.

परवा ईद झाली. सगळं शहर गावाला गेलेलं.
तो म्हणाला, आई, चल, बस मागे.
सुदिर्मान रस्ता मोकळा, धुतलेल्या परातीसारखा.
मी त्या इमारती कधी पळताना पाहिल्या नव्हत्या.
मला त्या एकेक करून ठाऊक,
खिडक्यांसकट, भिंतीवरच्या डागांसकट.
त्या सुटायला लागल्या हातातून.

हळू घे, म्हटलं.
हे बघ, त्या बँकेपासून
त्या पुलापर्यंत
मी तुला पाजत होते, दोन्ही बाजूंनी,
आणि तू झोपलास तरी पूल आला नव्हता.

त्यानं मागे वळून पाहिलं.
म्हणाला, एवढंसंच?